२४ दिवसांच्या बाळाला सारख्या उचक्या, काय करू?

नमस्कार. माझी मुलगी २४ दिवसांची आहे, बाळंतपणाला माहेरी आलेय. दूध पिऊन झालं की दहा मिनिटांत हिला उचकी लागते. दिवसातून चार-पाच वेळा, एकेकदा पंधरा-वीस मिनिटं. काल पहाटे तीनला खांद्यावर घेऊन बसले होते. प्रत्येक उचकीला अख्खं अंग उडतं, टोपडं सरकून डोळ्यांवर येतं. ती रडत नाही, टकामका बघते. रडू मलाच येतं.

आठव्या महिन्यात पोटात अस्संच एका जागी, एका तालात ठकठक व्हायचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, बाळाला उचकी लागलीय. तेव्हा कौतुक वाटायचं.

जन्माचं वजन २.८ किलो, परवा ३.२ भरलं. अंगावरच पाजते. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात.

आई म्हणते आतडी वाढतायत, चमचाभर पाणी पाज, मधाचं बोट चाटव. कपाळावर ओला दोरा चिकटवून झाला, त्याला माझी ना नाही. पण पाणी-मधाला मन धजत नाही. माझ्यासाठी ती रात्र-रात्र जागतेय, तिला तोडून तरी कसं बोलू?

प्रतिसाद

अगं, वजन छान वाढतंय, घाबरू नकोस. छाती आणि पोटामधला पडदा अचानक आकसतो, हवा झटक्यात आत जाते आणि स्वरतंतू मिटतात, तोच उचकीचा आवाज. पोट दुधाने नि हवेने तट्ट भरलं की पडदा डिवचला जातो. म्हणून बाजू बदलताना एकदा ढेकर काढ, प्यायल्यावर वीसेक मिनिटं उभं धर. भुकेने रडायला लागायच्या आधीच पाजायला घे, रडताना बाळं हवा गिळतात. एवढं करूनही लागली तर लागू दे, आपली थांबते.

पाणी सहा महिने नाही. मध वर्षभर अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, होऊ शकतो. हे काकूंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव. हिरवी उलटी, निळसर ओठ, ताप, दूध न ओढणं किंवा उचकी तासन्‌तास न थांबणं, यातलं काही दिसलं तर मात्र लगेच दवाखाना गाठ.

दोन दिवसांनी

आईला डॉक्टरांशी फोनवर बोलायला दिलं. मधाची बाटली तिने स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. आता प्यायल्यावर नातीला तीच मांडीवर बसवते, हनुवटीला हाताचा आधार देऊन पाठ चोळते. उचकी काल तीनदा लागली. मी मात्र एकदा झोपून होते, मला कळलंच नाही.