मदत हवी आहे : ‘वसंताचे सतरा क्षण’ची मूळ कृष्णधवल प्रत

सप्रेम नमस्कार.

तात्याना लिओझ्नोवा यांनी दिग्दर्शित केलेली, महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतील बर्लिनमध्ये घडणारी ‘वसंताचे सतरा क्षण’ ही १९७३ ची बारा भागांची सोव्हिएत मालिका मला पुन्हा सावकाश पाहायची आहे. २००९ मध्ये रंगीत केलेल्या प्रतीत भाग आखूड केले आहेत. ज्या मालिकेचे सारे बळ शांततेत आहे, तिला कात्री लावणे मला अन्यायाचे वाटते. कॅफेत नायक श्टिर्लिट्झ (नाझींमध्ये वावरणारा सोव्हिएत हेर) आणि त्याची पत्नी दुरूनच एकमेकांकडे पाहत राहतात, तो निःशब्द प्रसंग आठवून पाहावा! इंग्रजी उपशीर्षकांसह अखंड कृष्णधवल प्रत कोठे मिळेल? तसेच श्टिर्लिट्झ साकारणारे व्याचेस्लाव तिखोनोव आणि नाझी गुप्त पोलिसांचा प्रमुख म्युलर साकारणारे लिओनिद ब्रोनेवॉय यांच्या अभिनयाविषयी मराठीत काही लेखन असल्यास कृपया कळवावे.