काशी पायी पाहायची असेल तर : अनुभव धागा

काशी पायी हिंडलेल्यांनी इथे लिहावं. 'फार प्रसन्न वाटलं' एवढंच नको. वेळ, वाट, पाणी, चपला आणि कुठे फसतं ते लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो.

*

अस्सी घाट ते दशाश्वमेध घाट हा टप्पा साधारण अडीच किलोमीटरचा. नुसतं चाललं तर चाळीस मिनिटं, बघत गेलं तर दोन तास. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि सगळे घाट पश्चिम काठावर. म्हणजे सकाळी सूर्य नदीपलीकडून वर येतो आणि ऊन थेट घाटांवर पडतं. फोटो त्याच वेळी काढावेत. दुपारनंतर वाड्यांची सावली पायऱ्यांवर उतरते, म्हणून उन्हाळ्यात चालायला चारनंतर निघावं. आधी अस्सी, मग तुलसी घाट, मग चेतसिंगाचा किल्ला (१७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या माणसांना चुकवून काशीचा राजा चेतसिंग इथूनच निसटला), हरिश्चंद्र आणि पुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट. घाटांची नावं नदीकडच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहेत. गल्लीतून उतरलात तर ती दिसत नाहीत, पाण्यापर्यंत जाऊन मागे वळून वाचावी लागतात.

*

वरचं सगळं नोव्हेंबर ते जून धरून आहे. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो आणि प्रत्येक घाटावर गल्लीतून उतरून पुन्हा वर यावं लागतं. पाणी ओसरल्यावर त्याहून वाईट. पायऱ्यांवर गाळाचे थर असतात, ते पंपाच्या पाण्याने धुऊन काढतात. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. तेव्हा पट्ट्यांच्या, मागून बांधता येणाऱ्या चपला घ्या. साधी स्लीपर गाळात अडकून राहते आणि बूट काढ-घाल करण्यात जीव जातो, कारण वाटेत देवळं पावलोपावली आहेत. देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, घाट झकास दिसतात, पण त्या संध्याकाळी पायी फिरायचा बेत करू नका. पाय ठेवायला जागा नसते.

*

गल्ल्यांबद्दल. फोनमधला नकाशा इथे भरवशाचा नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले आणि मध्ये हात पसरण्याएवढी वाट, त्यामुळे निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. शिवाय विश्वनाथ धामाचं नवं आवार (उद्घाटन डिसेंबर २०२१) झाल्यापासून त्या भागातल्या कित्येक जुन्या वाटा उरलेल्या नाहीत. जुनी पुस्तकं आणि नकाशे तिथे सरळ चुकतात.

त्यापेक्षा एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. नदी आणि गोदौलिया–चौक–मैदागिन हा मोठा रस्ता, या दोघांच्या मध्ये गल्ल्यांचा पट्टा आहे. उतार लागला की नदीकडे, चढ लागला की रस्त्याकडे. हरवलात तर चढाच्या दिशेने चालत सुटा. "चला, घाट दाखवतो" म्हणणाऱ्यामागे गेलात तर बहुतेक वेळा घाटाऐवजी साडीचं दुकान येतं. रस्ता विचारायचा तर बसलेल्या दुकानदाराला विचारा.

*

विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पिशवी काही आत नेता येत नाही, पेनसुद्धा अडवतात. आसपासचे दुकानदार 'फुकट लॉकर' देतात, पण पूजेचं ताट त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं. सामान मुक्कामावरच ठेवावं हे बरं. फक्त मग फोन नाही, म्हणून मुक्कामाचं नाव आणि जवळचा घाट आधीच चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

*

मणिकर्णिका या स्मशानघाटाला पाण्याकाठची सरळ वाट लाकडांच्या राशींनी अडते. वर चढून गल्लीतून वळसा घ्यावा आणि शिंदे घाटाला उतरावं. अंत्यसंस्काराचे फोटो काढू नयेत, लांबूनही नाही. "गरिबांच्या लाकडांसाठी दान" मागणारे भेटतात. न थांबता पुढे जावं.

*

सगळे दशाश्वमेधची आरती बघून परत फिरतात, आणि आपल्या लोकांसाठी खरी काशी तर मणिकर्णिकेच्या पुढे सुरू होते! शिंदे घाट (ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, १८३०), भोसले घाट, गणेश घाट, बालाजी, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट अशी ओळच्या ओळ. सगळं मिळून किलोमीटरभरही नाही. शिंदे घाटाच्या अलीकडे रत्नेश्वराचं मागे कललेलं देऊळ आहे. त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात असतो, पूर्ण बघायचं तर उन्हाळ्यात जा. पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी वरून, चौखंबा बाजूने यावं. वर आलमगीर मशीद आहे, आणि बिंदुमाधवाचं (विष्णूचं) तिथलं मूळ देऊळ पाडलं गेल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं आत्ताचं देऊळ शेजारीच आहे. ते बाहेरून घरासारखं दिसतं, म्हणून हमखास चुकतं. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या जुन्या मराठी वस्तीच्या. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं हे सर्वांना ठाऊक असतं, पण त्याच्याच शेजारच्या ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाईंचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

*

दशाश्वमेधच्या आरतीवरून बाहेर पडताना गोदौलियाकडच्या लोंढ्यात शिरू नका. दक्षिणेला अहिल्याबाई किंवा मुन्शी घाटापर्यंत चाला, तिथून वर चढून बंगाली टोल्याची गल्ली धरा. ती नदीला समांतर सोनारपुऱ्याकडे जाते आणि रिक्षा तिथे मिळते.

मलइयो (केशरी दुधाचा गोड फेस) फक्त थंडीत मिळतो, तोही सकाळीच. ऊन चढलं की फेस बसतो आणि कुल्हडात नुसतं केशरी दूध उरतं.