पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचे कोरडे शौचालय काळ्या मातीच्या वस्तीत टिकेल का?

प्रश्नकर्ती, इंदूर :
नमस्कार. महूच्या बाजूला एका शेतवस्तीत आमचे महिला मंडळ काम करते. तेथे वर काळी माती आणि दोन-तीन हातांवर खडक असल्यामुळे शोषखड्डे पावसाळ्यात तुंबतात, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी पिण्यालाच जेमतेम पुरते. म्हणून मल आणि मूत्र वेगळे ठेवणारी कोरडी शौचालये बांधावीत, असा विचार आहे. प्लास्टिक वापरल्याने ती खरोखर स्वस्त पडतील का?

निवृत्त स्थापत्य अभियंता, इंदूर :
ताई, प्लास्टिकच्या आधी मल साठवण्याच्या कोठ्यांचा विचार करावा. जमिनीच्या वर, विटांच्या जोत्यात दोन कोठ्या असाव्यात. एक भरली की ती बंद करून दुसरी वापरायची. दर वेळी मूठभर राख टाकली की ओल शोषली जाते, वास व माश्या आटोक्यात राहतात. माणशी वर्षाला मूत्र सुमारे ५०० लिटर आणि मल सुमारे ५० लिटर होतो, त्यामुळे मूत्र पुढच्या खाचेतून कॅनमध्ये नेले तर लहान कोठीही पुरते. आपल्याकडे पाण्याने धुतात, त्यासाठी तिसरी जागा हवीच आणि ते पाणी कर्दळीच्या आळ्यात सोडावे. कोठीत गेले तर सगळी रचना वाया जाते.

प्लास्टिक पुनर्प्रक्रियेतील एक, देवास रस्ता :
प्लास्टिकचे पत्रे स्वस्त पडतात, शौचालयाचे भांडे नाही, कारण साच्याचाच खर्च मोठा असतो. भांडे तयार विकत घ्यावे. भिंती आणि दार यांसाठी एचडीपीई म्हणजे जुन्या कॅन-ड्रमचे प्लास्टिक घ्यावे, त्यात पीपी (पॉलिप्रोपिलीन) हे दुसरे प्लास्टिक मिसळल्यास पत्रा कच्चा होतो. पीव्हीसी तर मुळीच नको, कारण तापवताना त्यातून आम्लाचा वायू सुटतो. इंदूरमध्ये सुका कचरा घरोघरी वेगळा होत असल्याने स्वच्छ माल मिळवणे त्या मानाने सोपे आहे. उन्हात प्लास्टिक तडकू नये म्हणून त्यात कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीसारखी काळी पूड घालतात. मात्र तापलेला पत्रा वजनाखाली हळूहळू वाकतो, म्हणून माणसाचा भार विटांवर किंवा लोखंडी अँगलवरच घ्यावा.

ग्वाल्हेरच्या वाचक :
‘कोरडा संडास’ म्हटले की जुन्या माणसांना टोपलीचा संडास आठवतो, आणि ती आठवण कोणाच्या डोक्यावरून वाहिली गेली हे आपण विसरू नये. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार पूर्ण कुजण्यापूर्वी मैला हाताने उचलावा लागेल असे शौचालय चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही २० ते ३५ अंश तापमानात मल एक वर्षाहून अधिक काळ साठवायला हवा. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या गोपुरी संडासाचा प्रसार केला, तो याच भंगीमुक्तीच्या तळमळीने. तेव्हा कोठी कोण रिकामी करणार, हे आधी घरोघर विचारा. उत्तरात एखाद्याच समाजाचे नाव आले तर बांधू नका.

प्रश्नकर्ती, इंदूर :
हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. पहिले शौचालय मंडळातल्याच एका सदस्येच्या घरी बांधू, आणि वर्षभरानंतर कोठी तिच्या घरचेच रिकामी करतील. एक अडचण उरते : आता बहुतेक घरी गॅस आहे, मग राख आणायची कोठून?

निवृत्त स्थापत्य अभियंता, इंदूर :
उन्हाळ्यातच काळी माती वाळवून, चाळून पोत्यांत भरून ठेवा आणि तिच्यात थोडा चुना मिसळा. पावसाळाभर पुरेल इतकी पोती कोरड्या जागी ठेवायची सोय मात्र बांधकामाच्या आधी करा.