मदत हवी आहे: कार्बोनेट खडकातल्या भेगा नेमक्या कशामुळे?

मंडळी, चुनखडी आणि डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक) यांच्या एका तेलसाठ्याच्या कोअरवर (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यावर) काम करतेय आणि अडलेय. डोलोमाइटच्या पातळ थरांत उभ्या भेगा अगदी दाट आहेत. पण त्यांना लागून असलेल्या जाड, चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीत शिरल्या की विरून जातात. काही भेगा स्टायलोलाइटच्या (दाबाखाली खडक विरघळून उरलेल्या) दातेरी काळ्या रेषेवर येऊन थांबतात, तर काहींत पांढरं कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) गच्च भरलंय.

डोलोमाइट जास्त ठिसूळ आणि थर जितका पातळ तितकं भेगांमधलं अंतर कमी, इथपर्यंत कळतं. पण भेगा पडण्यात थरांना पडलेल्या घडीची वक्रता आणि शेजारचा प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेली जागा) यांचा वाटा वेगळा कसा काढायचा? शिवाय विहीर उभी, म्हणजे उभ्या भेगा तिला मुळातच कमी छेदणार. ही उणीव तुम्ही कशी भरून काढता? इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीची उपकरणाने घेतलेली प्रतिमा) आहे, पण नैसर्गिक भेग कुठली आणि ड्रिलिंगमुळे पडलेली कुठली, यात माझी गल्लत होते.

भेगेची रुंदी दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह साधारण 8 पट होतो, म्हणून अंदाजावर सोडवत नाही. कुणी असा कोअर हाताळला असेल तर सुरुवात कुठून केलीत, सांगाल का?