मदत हवी आहे: टर्मिनलवरून स्टीमचे बरेच गेम एकदम काढायचे आहेत

नमस्कार मंडळी,

उबुंटू लिनक्सच्या मशीनवर ५१२ जीबीची एसएसडी आहे आणि ती स्टीमच्या गेम्सनी गच्च भरली आहे. साठेक गेम असतील, त्यातले चाळीस तरी काढायचे आहेत. स्टीमच्या क्लायंट ॲपमध्ये कंट्रोल दाबून अनेक गेम निवडता येतात हे ठाऊक आहे, पण ही मशीन दुसऱ्या खोलीत असते आणि मी एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून, फक्त टर्मिनलने जोडून) काम करतो.

स्टीमॲप्स फोल्डरमध्ये प्रत्येक गेमची एक ॲपमॅनिफेस्ट फाइल असते. ती साधी टेक्स्ट असल्यामुळे नाव, आयडी आणि साइझ त्यातून मिळतात. ग्रेप या शोधायच्या कमांडने ते काढून, साइझप्रमाणे लावून एफझेडएफला (टर्मिनलमध्ये यादीतून निवड करू देणारं टूल) दिले. टॅब दाबत हवे ते गेम निवडायचे, इथपर्यंत झकास चालतंय. यादीत प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं टूल) आणि लिनक्स रनटाइमही (गेम्सना लागणाऱ्या लायब्ररी) येतात, ते मात्र चुकूनही उडवायचे नाहीत.

अडलंय पुढे. स्टीमच्या अनइन्स्टॉल लिंकने प्रत्येक गेमला खात्री विचारणारी खिडकी उघडते, ती एसएसएचवर काय कामाची? क्लायंट बंद करून मॅनिफेस्ट आणि स्टीमॲप्सच्या कॉमन फोल्डरमधला गेमचा फोल्डर आरएम कमांडने काढला, तर पुरेसं आहे का? शेडरकॅशही (ग्राफिक्ससाठी साठवलेल्या फाइल्स) हाताने काढावा लागेल ना?

सगळ्यात जास्त काळजी कॉम्पॅटडेटा फोल्डरची आहे. प्रोटॉनवर चालणाऱ्या काही गेम्सचे सेव्ह तिथेच आहेत, आणि त्यात धाकट्या भावाचे दोन वर्षांचे खेळ आहेत. ते कुठल्याही परिस्थितीत जाता कामा नयेत.

हे सगळं नीट करणारं तयार टूल कुणी वापरलंय का? नसेल तर तुमची स्क्रिप्ट दाखवाल का?