आजोबांच्या भट्टीच्या नावाने अमेरिकेत दारूचा ब्रँड काढायचा आहे, सुरुवात कुठून करू?

सत्तरीची_नात

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. नोकरी औषधकंपनीत, दारूच्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. माझे आजोबा गोव्यात, सत्तरी तालुक्यात काजूची भट्टी लावायचे. घरात कोंकणी आणि शाळा मराठी असं आमचं होतं, म्हणून इथेच विचारते. बाबा ऐंशीच्या दशकात इकडे आले, आजोबा गेले आणि भट्टी थंड झाली ती कायमचीच. काजूची झाडं अजून आहेत, चुलत्यांकडे.

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही तिकडे असायचो. संध्याकाळी मोठी माणसं ओसरीवर बसायची. ग्लासात भट्टीवरची दारू, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का. कॉलेजात गेल्यावर मलाही मिळायला लागली. हलकी असायची, बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास ग्लास तोंडाशी नेण्याआधीच यायचा आणि दोन ग्लास पोटात जाऊनही काका सरळ चालत घरी जायचे. ती चव मला बाटलीत आणायची आहे. पुढे आजोबांचं आडनाव, दारू गाळायच्या तांब्याच्या भांड्याचं, म्हणजे भाणाचं, चित्र आणि मागे चार ओळींत घराण्याची गोष्ट.

इथल्या एखाद्या छोट्या डिस्टिलरीकडून हे गाळून घेता येईल का? न्यूअर्कला आयर्नबाउंडमधल्या ब्राझिली दुकानांत बोंडवांचा गोठवलेला गर मिळतो. नवऱ्याने ऑनलाइन एक तांब्याचं भांडं हेरून ठेवलंय, आधी गॅरेजमध्ये करून बघू म्हणतो. लेबलवर ‘फेणी’ लिहिता येईल ना? आणि साधारण किती पैसे घालावे लागतील?

लेबलकारकून

ताई, मी भारतातून दारू आणणाऱ्या एका आयातदाराकडे लेबलं आणि परवान्यांचे कागद बघतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी गॅरेज. अमेरिकेत घरच्या घरी वाइन आणि बिअर करायला फेडरल कायद्याची मुभा आहे. दारू गाळायला मात्र परवाना लागतो आणि तो राहत्या घरात मिळत नाही. विनापरवाना गाळणं फौजदारी गुन्हा आहे. भांडं घेतलंत तर त्यात तुळस लावा.

आता तुमच्या आठवणीबद्दल. तुम्ही वर्णन केलंत ती फेणी नव्हे, तो हुर्राक. एकदाच गाळलेला, हलका, मार्च ते मे एवढाच मिळणारा. लिम्का आणि मिरची त्याच्याच जोडीला असते. हाच हुर्राक नव्या रसाबरोबर पुन्हा भाणात घालून गाळला की फेणी होते, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. तिचा वास खोली भरून टाकतो आणि नवख्या माणसाला पहिल्या घोटाला ती झेपत नाही. इथे ब्रँडी, रम, जिन, व्होडका म्हणून विकायची तर किमान चाळीस टक्के अल्कोहोल लागतं. हुर्राक त्याच्या बराच खाली राहतो, शिवाय तो फार दिवस टिकत नाही. तो कंटेनरमध्ये घालून आणायचा विचार सोडून द्या. म्हणजे ओसरीवरची चव बाटलीत येणार नाही, येईल ती तिची थोरली बहीण. ती तुम्हाला स्वतःला आवडते का, हे पैसे घालण्याआधी बघा. तुमच्या पत्रात फेणी प्यायल्याचा उल्लेख कुठेच नाही.

नावाचं म्हणाल तर गोव्याच्या काजूफेणीला 2009 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. पलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गात तीच झाडं, तसंच भाण, पण तिथल्या मालाला फेणी म्हणता येत नाही. भारतातला जीआय अमेरिकेत आपोआप लागू होत नाही हे खरं. तरी ब्राझीलचा गर, न्यू जर्सीची डिस्टिलरी आणि लेबलवर ‘फेणी’, हे गोव्याच्या माणसाने करू नये असं माझं मत. तो गर वापरून एखाद्या परवानाधारक डिस्टिलरीकडून बोंडवांची ब्रँडी खुशाल करून घ्या. काजू गोव्यात आला तोच पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून, त्यामुळे त्यातही एक गोष्ट आहे. पण ती तुमच्या आजोबांची नाही.

शिकागोत येप्सनची मालोर्ट म्हणून एक कडूजहर दारू आहे. कार्ल येप्सन नावाच्या स्वीडनहून आलेल्या माणसाने दारूबंदीच्या काळात ती औषध म्हणून विकली. पुढे कित्येक वर्षं ती फ्लोरिडात बनत होती, तरी शिकागोकर तिला आपलीच म्हणत राहिले. 2018 मध्ये तिथल्याच एका डिस्टिलरीने ब्रँड विकत घेतला आणि गाळणं परत शिकागोत आणलं. तिला हे चाललं, कारण तिची कृती कुठल्या जमिनीला बांधलेली नव्हती. फेणीचं तसं नाही. बोंडू गळून पडला की त्याच दिवशी तुडवायला लागतो, नाहीतर सडतो.

म्हणून माझा सल्ला: माल गोव्यातच बाटलीबंद करून घ्या आणि तुम्ही आयातदार व्हा. फेडरल आयात परवान्याला आणि लेबल मंजुरीला सरकारी फी नाही, वेळ मात्र जातो. फेणी असा वेगळा वर्ग इथल्या नियमांत नाही, त्यामुळे आधी वर्ग ठरवून घ्या, छपाई नंतर. लेबल छापून मग मंजुरी मागणारे लोक आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्या गठ्ठ्यांवर आम्ही चहाचे कप ठेवतो.

मनीप्लांट

तुळशीवरून हसले. पण काका, पैशांचं राहिलंच की!

लेबलकारकून

लिहितोच होतो. फेडरल अबकारी कर प्रूफ गॅलनला, म्हणजे पन्नास टक्के अल्कोहोलच्या एका गॅलनला, साडेतेरा डॉलर. 750 मिलीच्या बाटलीवर सव्वादोन डॉलरच्या आसपास पडतो. छोट्या उत्पादकांच्या मालाला दोन डॉलर सत्तर सेंटचा सवलतीचा दर आहे, म्हणजे बाटलीमागे पंचेचाळीस सेंट. पण 2023 पासून आयातदाराने आधी पूर्ण कर भरायचा आणि मग फरक परत मागायचा. त्यासाठी गोव्यातल्या उत्पादकाने ती सवलत तुमच्या नावे करून द्यावी लागते. हा कागद करारातच घालून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.

पुढे दुकानापर्यंत थेट जाता येत नाही, मध्ये वितरक येतो. समजा बाटली इथे बारा डॉलरला येऊन पडली. तुम्ही सोळाला दिली, वितरकाने बावीसला, तर दुकानात ती तिशीत दिसते. त्या किमतीला शेजारी उत्तम मेझ्काल, ही मेक्सिकोची दारू, असते. फेणी नाव ऐकलेला माणूस शंभरात एखादाच, म्हणजे तुम्हाला बारवाल्यांसमोर स्वतः उभं राहून ओतून दाखवावं लागेल. खरा खर्च तिथे आहे, शनिवार-रविवार धरून.

वाळपयकार

मी इथला, सत्तरीतलाच. काकांनी कागदाचं सांगितलं, मी भाटीचं, म्हणजे भट्टीचं, सांगतो.

इथे काजूचे झोन ठरलेले असतात आणि अबकारी खात्याची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने झोन घेतला त्याच्याकडे रस गाळायचा हक्क. तुमच्या चुलत्यांची झाडं असली तरी भाटी त्यांची असेलच असं नाही, बोंडू दुसरा कोणीतरी नेत असेल. पहिलं ते विचारा. तुमच्या झाडांचे बोंडू कुठल्या भाटीवर जातात ते कळलं तर लेबलवर छापायला तेवढं पुष्कळ आहे, आणि ते खरं असेल.

दुसरं, भेसळ. मळीचा अर्क घालून वास मारलेली फेणी बाजारात ढिगाने आहे. तपासायचं असेल तर एप्रिलमध्ये या. सकाळी बोंडू वेचतात, कोळमीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवतात, रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. यीस्ट नाही, पाणी नाही. आंबताना फेस कसा चढतो ते बघा, उतरला की भाणात. पूर्वी वाफ थंड करायला माणूस बसून लवणीवर, म्हणजे दारू जमा होते त्या मडक्यावर, सतत पाणी ओतायचा, आता बहुतेकांनी नळीचं वेटोळं टाकीत बुडवलंय. ज्याच्याकडे अजून लवणी आहे तो दर जास्त लावेल, आणि लावू द्या. दाखवतो म्हणाला की लगेच दाखवणारा माणूस निवडा. ‘उद्या या’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

2016 मध्ये सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला, त्याआधी ती देशी दारूतच मोजली जायची. त्यामुळे आता बाहेर पाठवणारे उत्पादक भेटतात. कान्साव्लीचे हॅन्सेल वाझ, मुळात भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांनी काझुलो नावाने काचेच्या जुन्या गर्राफांवतली, म्हणजे मोठ्या बाटल्यांतली, फेणी लोकांपुढे आणली. तिथे जाऊन चाखून या, म्हणजे चांगली कशाला म्हणतात ते जिभेला कळेल.

कुडाळची_सून

एक विचारू का? आडनाव घालायचं घरच्यांना विचारलंत? आमच्याकडे सासऱ्यांच्या चुलत्यांची भट्टी होती हे लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं मला. दारूवर घर उभं राहिलं, पण बोलायचं नाही. बाटलीवर आडनाव बघून आत्या-काकू काय म्हणतील त्याचा अंदाज घ्या आधी.

सत्तरीची_नात

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला तुळशीचं वाचून दाखवलं, तो गप्प आहे.

आत्याला फोन केला. आडनाव म्हटल्यावर तिने थेट सांगितलं, “तुझ्या लेकाचं लग्न व्हायचंय अजून.” लेक नऊ वर्षांचा आहे. आमचे बोंडू दोन वळणांपलीकडच्या भाटीवर जातात आणि त्या माणसाचे वडील आजोबांकडेच कामाला होते, हेही तिनेच सांगितलं. फेणी मी खरंच कधी नीट प्यायलेली नाही, काका. या शनिवारी एक बाटली शोधते.

आडनाव नको तर वाड्याचं नाव घातलं तर?

लेबलकारकून

उत्तम. नुसतं आडनाव ट्रेडमार्क म्हणून इथे सहजी नोंदवूनही मिळत नाही, तेव्हा आत्याने तुमचा वकिलाचा खर्च वाचवला. फक्त ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत ते नाव आधी शोधा, आणि दुकानातल्या पोराला वाचता येईल असं स्पेलिंग ठेवा. भाटीवाल्याशी बोलताना वर्षाला किती बाटल्या देऊ शकतो ते लेखी घ्या. त्याने दोनशे सांगितल्या तर आयातीचा घाट घालू नका, त्या बॅगेतून नेणाऱ्या पाहुण्यांनाच पुरतील.