‘राजकीय मत’ की ‘राजकीय विचार’? आश्रयाच्या निकालातले शब्द

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या एका आश्रय-प्रकरणाच्या निकालाचा मराठी सारांश करते आहे. सध्याचं वाक्य असं : ‘राजकीय मतामुळे छळ होईल, हा दावा फेटाळल्यावर अर्जदाराने लवादाकडे पुनर्विलोकन मागितले.’ इथे कोल्हापुरात बसून वाचणाऱ्याला नीट कळेल का?

उत्तर : ताई, आधी ‘लवाद’ काढा. कृष्णेच्या पाणीतंट्यामुळे तो शब्द आपल्या तोंडी बसलाय, पण त्याने दोन पक्षांचं भांडण मिटवणारा मध्यस्थ डोळ्यांपुढे येतो. इथे एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला जीव मुठीत धरून आलेला माणूस. ‘न्यायाधिकरण’च हवं.

खरी गोम ‘मत’मध्ये आहे. निवडणुकीत देतो तेही मत आणि चारचौघांत मांडतो तेही मत. ‘राजकीय मतामुळे छळ’ वाचलं की आपल्या गावातला माणूस मतपेटीच आठवणार. १९५१च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि हे ‘राजकीय मत’, अशी छळाची पाच कारणं आहेत. त्यात मतदानापेक्षा कितीतरी जास्त येतं : सरकारवर टीका, संघटनेचं काम, कधी नुसतं गप्प राहणंसुद्धा. शिवाय तो विचार त्या माणसाचा असलाच पाहिजे असंही नाही. छळणाऱ्याने तो त्याचा धरला, तरी पुरतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली वॉर्ड प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून मी ‘राजकीय विचार’ लिहीन आणि दुसऱ्या प्रकाराला ‘माथी मारलेला राजकीय विचार’. ‘आरोपित’ नको, त्यावर ‘आरोपी’ची सावली पडते आणि या माणसावर आधीच पुरेसे आरोप झालेले असतात.

प्रतिसाद : ‘पुनर्विलोकन’ मात्र बरोबरच आहे ना? ऑस्ट्रेलियातल्या नव्या न्यायाधिकरणाच्या नावातच (‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्यूनल’) ते आहे.

उत्तर : नावात आहे, पण सर, काम वेगळं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी हे नवं आलं. ते अर्ज फेटाळणाऱ्या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून प्रकरण मुळापासून पाहतं. अर्जदाराचं ऐकतं, नवे पुरावे घेतं, मायदेशात आज काय परिस्थिती आहे ते बघतं. मग निर्णय कायम ठेवतं, बदलतं किंवा खात्याकडे परत पाठवतं. त्यापुढे न्यायालयात गेलं तर कायद्याची चूकच दाखवावी लागते, माणूस खरं बोलतोय का हे तिथे नव्याने ठरत नाही. आपले वकील ‘न्यायिक पुनर्विलोकन’ म्हणतात ते हे. दोन्हींना एकच शब्द दिला, तर अर्जदाराची बाजू नव्याने मांडायची संधी कुठे संपली तेच वाचणाऱ्याला कळणार नाही. पहिल्याला ‘गुणदोषांवर फेरनिर्णय’ म्हणावं.

प्रतिसाद : अर्जदाराला ‘निर्वासित’ म्हणायचं का? आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिलेल्या पोलिश लोकांना आपण तेच म्हणतो.

उत्तर : निकाल लागेपर्यंत ‘आश्रयार्थी’ लिहा. दाव्याचा निवाडा बाकी असतो, एवढंच त्यातून सांगायचं.

प्रश्नकर्ती : मग असं करते : ‘राजकीय विचारामुळे छळ होईल या भीतीने केलेला आश्रयाचा अर्ज खात्याने फेटाळल्यावर आश्रयार्थीने न्यायाधिकरणाकडे गुणदोषांवर फेरनिर्णय मागितला.’